खाऱ्या बांगड्याचं फुटलेलं कालवण

माझा नवरा परत आला तेव्हा मी बांबूच्या मांडवावरचे सुके बोंबील काढत होते. पाऊस तोंडावर आला होता आणि मिठानं माझे हात कोपरापर्यंत चिरले होते. किनाऱ्याकडून एक माणूस पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन येताना दिसला. चाल ओळखीची वाटली. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता आणखी एका माणसाचा भात टाकावा लागणार. खोटं कशाला बोलू? नंतर कोळीवाड्यातल्या बायका विचारायच्या, काय गं, छातीत धस्स झालं असेल, डोळ्यांना धार लागली असेल. कशाचं काय! मी हातातले बोंबील टोपलीत टाकले, पदराला हात पुसले आणि सासूला हाक मारली. मी दमले होते.

मिठाची चळवळ झाली त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. आमचं घर रेवदंड्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात. लग्न झाल्यावर वर्ष-दीड वर्षात हा मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी म्हणून चढला. (आता म्हातारपणी मी त्याला 'हा' आणि 'तो' म्हणते. तेव्हा तोंडावर म्हणायची छाती नव्हती, म्हणून आता म्हणून घेते.) तो गेला तेव्हा मुलगी माझ्या पोटात होती. परत आला तेव्हा ती विहिरीवरून कळशी भरून आणत होती. सुरुवातीला कोणाकोणा खलाशाच्या तोंडी निरोप यायचे, की बरा आहे, लंडनला आहे, आणखी कुठे आहे. मग निरोपही थांबले.

वाड्यात कुजबुज सुरू झाली, की हिनं कुंकू लावावं की पुसावं. मी पुसलं नाही. ते काही फार मोठ्या श्रद्धेनं नव्हे. पुसायचं म्हणजे दिवस घाला, भावकीला जेवण घाला, चार लोकांदेखत रडा. एवढी सवड कोणाला होती? सासू मासळी खारवायची, सुकवायची. मी ती डोक्यावर घेऊन आतल्या गावांत जायचे आणि शेतकऱ्यांच्या दारात मासळी देऊन तांदूळ घेऊन यायचे. चौलच्या वाड्यांतून नारळ यायचे तेही मासळीच्या बदल्यात. पायांना भेगा, मानेला गाठ, असा सगळा कारभार. कुंकू कपाळावर होतं ते होतंच, त्याच्याकडे बघायला आरसाही हातात धरवत नव्हता.

आल्यावर तो फारसा बोलेना. पडवीत बसून समुद्राकडे बघायचा. अंगानं काडी झाला होता. ताटावर बसायचा, चार घास चिवडायचा आणि उठायचा. मुलगी दाराआडून बघायची. बाप तिनं कधी बघितलाच नव्हता. तिनं मला विचारलं की हा माणूस कधी जाणार. मी म्हटलं, तुझ्या आजीला विचार.

आजीलाच ठाऊक होतं. आठवड्याभरात तिनं मला सांगितलं. आम्ही दोघी ओट्यावर होतो, मी सुपात सुका जवळा पाखडत होते. सासू माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिकडं त्याची एक बाई हाय. नारळी पुनव झाली, आगबोटी चालू झाल्या की परत जातो म्हनतो. मला बघाया आलाय."

मग बाकीचं हळूहळू कळलं. बोट जमैका नावाच्या मुलखात लागली तेव्हा हा तापानं फणफणला होता. बोट याला तिथल्या दवाखान्यात टाकून निघून गेली. बरा झाल्यावर केळ्यांच्या मळ्यात लागला, मग मासेमारांच्या होड्यांवर. तिथे एक बाई भेटली. तिची आई काळी आणि बाप आपल्याच मुलखातून ऊस तोडायला नेलेला. पुढे आपल्या किनाऱ्यावरचा एक खलाशी बंदरात भेटला, त्यानं सांगितलं, तुझी आई थकली, एका डोळ्यानं दिसत नाही. तेव्हा मजुरांना कलकत्त्याला परत आणणाऱ्या आगबोटीवर काम धरून हा आला. आईसाठी आला. माझ्यासाठी नाही, हे कोणी बोललं नाही, बोलायची गरज नव्हती.

राग आला मला. असा आला की सूप भिरकावून द्यावं. पण सुपात जवळा होता आणि सांडला असता तर वेचायला मीच होते. मी पाखडत राहिले. सासूच म्हणाली, पुनवेपर्यंत आगबोटी बंद, तोवर तो इथेच आहे. पावसाळाभर तुझ्या हातचं खाईल. "पोटानं बांध त्याला," म्हणाली. "पुरुषाचं दावं पोटात असतं. मागंल ते कर, कुरकुर करू नको." तिला मुलगा हवा होता. मला काय हवं होतं ते मलाच नीट सांगता आलं नसतं. पण मुलीला बाप मिळाला तर बरं, एवढं कळत होतं. ती वाड्यातल्या पोरांच्या तोंडून बिनबापाची हे ऐकून ऐकून भांडकुदळ झाली होती.

तर मी त्याला विचारलं, जेवायला काय करू. पुष्कळदा विचारल्यावर एके दिवशी त्यानं तोंड उघडलं. ताटावर बसला होता, सासू समोर होती, मी वाढत होते. म्हणाला, तिकडे खाऱ्या बांगड्याचं एक कालवण करतात नारळाच्या दुधात. नाव सांगितलं, "रंडौन."

सासूच्या हातातला घास तसाच राहिला. मग तिनं जे तोंड सोडलं! दिवेलागणीची वेळ, कुंकवाची बाई समोर वाढतेय आणि तू रांडाव रांडाव काय करतोस? एवढी वर्षं हिनं कपाळ सांभाळलं ते तुझ्या तोंडून हे ऐकायला? तो बापडा गडबडला. म्हणाला, आये, ते नाव हाय, कालवणाचं नाव हाय, साहेबाच्या भाषेत त्याचा अर्थ निराळा. सासू म्हणाली, साहेबाला काय, तो मेला तर त्याची बाई दुसरा करते. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं, पण तोंडावर पदर धरला आणि भात आणायच्या निमित्तानं आत गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. 'तिकडचं' म्हणायचं.

आता खारे बांगडे आमच्याकडे पोत्यानं. पावसात ताजी मासळी कुठली, खारंच खायचं. नारळ घरात होते. मला वाटलं, यात काय मोठंसं! बांगड्याचं कालवण मी डोळे मिटून करते. बांगडे भिजत घालून मीठ उतरवलं, वाटण वाटलं, चिंच कोळली, हळद-मसाला घातला, आणि शेवटी नारळाचं दाट दूध घालून एक वाफ येते न येते तोच तवली चुलीवरून उतरवली. आमच्याकडे असंच करतात. दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही. उकळलं की दूध फुटतं, पाणी वेगळं, चोथा वेगळा, वर तेलाचे डोळे. मी नवी नवरी असताना एकदा माझ्याकडून फुटलं होतं, तेव्हा सासूनं ती तवली शेजारणींना दाखवून आणली. वर म्हणाली, जिचं दूध फुटतं तिचं घर फुटतं. ती म्हण कुठली नव्हती, तिचीच होती. पण तेव्हापासून दूध घातलं की माझा हात आपोआप तवलीकडे जायचा. झोपेतसुद्धा गेला असता.

त्यानं खाल्लं. म्हणाला, चांगलं झालंय, पण हे आपलं कालवण झालं.

दुसऱ्या खेपेला मी त्यालाच समोर बसवून विचारलं, सांगा, काय काय पडतं त्यात. हळद नाही म्हणाला. मसाला नाही, चिंच नाही. कांदा, मिरची, आणि एक पान. पानाचं नाव त्याला सांगता येईना. मग उठला, परसात गेला आणि विहिरीमागे उगवलेल्या पानओव्याचं जाड पान तोडून आणलं. ते पान आम्ही मुलांच्या खोकल्याला वापरतो, कालवणात कोणी घालत नाही. त्यानं ते हातावर चुरडलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. "हेच," म्हणाला. "हेच पान ती घालते."

घालायची नव्हे. घालते. मी ते पान त्याच्या हातातून घेतलं आणि पाट्याकडे गेले. नारळ खवताना खवणीवर बोट कापलं तेही कळलं नाही.

आणि भाताऐवजी काय, तर कच्ची केळी उकडून! सासू म्हणाली, एकादशीला बसलास का रे? खाऱ्या बांगड्याबरोबर उपासाची केळी! मी उकडली. मागेल ते कर असं तिनंच सांगितलं होतं ना. हळदीवाचून ते कालवण पांढरं फटक दिसत होतं, आजाऱ्याच्या पेजेसारखं. त्यानं केळ्याचा तुकडा त्यात बुडवला, चावला, आणि मान हलवली. दूध शिजलेलं नाही म्हणाला. मी म्हटलं, नारळाचं दूध का शिजवायचं असतं? म्हणाला, मला करता येत नाही, मी फक्त खाल्लंय. पण शेवटी तेल वर येतं, एवढं आठवतं.

तेल वर येतं. माझी अक्कल तेव्हा माझ्या हातापायांएवढीच दमलेली. मी तिसऱ्या खेपेला सगळं तसंच केलं आणि उतरवल्यावर वरून खोबरेल तेलाची पळी सोडली. तेल वर आलं की नाही? आलं. त्यानं घास तोंडात घातला आणि त्याचं तोंड असं झालं की दाराआडून बघणारी मुलगी खुदकन हसली. मग तोही हसला. आल्यापासून पहिल्यांदा. "डोईला लावायचं तेल ग," म्हणाला मुलीला, "तुझ्या आयेनं बांगड्याची वेणी घातली." दोघं किती वेळ हसत होती. मी तवली उचलून मागच्या दारी ओतली. कुत्र्यानंही हुंगून सोडलं.

पण त्या दिवसापासून मुलगी दाराआडून पुढे आली. पावसात त्याला दुसरं काम नव्हतं. जाळी दुरुस्त करत बसायचा, ती जवळ जाऊन बसायला लागली. त्यानं तिला गाठ मारायला शिकवलं. तिनं त्याला वाड्यातल्या पोरांच्या खोड्या सांगितल्या. हळूहळू 'तो माणूस' जाऊन 'बा' आला. मी डोक्यावर टोपली घेऊन चिखलातून परत यायचे तेव्हा दोघांचा आवाज पडवीतून ऐकू यायचा. मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. जाणार असेल तर हा लळा कशाला लावतोय, असं मनात यायचं. ट्रंक कोपऱ्यात होती, तिच्यातले कपडे त्यानं बाहेर काढून ठेवले नव्हते. मी रोज केर काढताना तिच्याभोवतीनं काढायचे.

मी त्याला विचारलं नाही. सासूही विचारेना. घरात सगळे असे वागत होते, जणू आपण बोललो तर पुनव लवकर येईल.

पुनव जवळ आली. वाड्यात होड्या रंगवायला काढल्या. तो एके दिवशी रेवदंड्याच्या बंदरावर जाऊन आला. कशाला गेला होता ते त्यानं सांगितलं नाही, पण सासू त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी तांदळाची पाटी घेऊन आले तेव्हा माझं अंग तापलं होतं. वाटेत पावसानं झोडपलं होतं, पाय घसरून गुडघा फुटला होता. घरात पाऊल टाकलं तर सासू म्हणाली, आज तिकडचं कर, आणखी एकदा कर, नीट कर, आता दिवस ऱ्हायले न्हाईत.

मला वाटलं, जळ्ळं मेलं ते तिकडचं! ज्या बाईनं माझा नवरा ठेवून घेतला तिच्या हातची चव मी माझ्या चुलीवर आणायची, ती चव जमली की हा राहणार, आणि हे सगळं तापल्या अंगानं. पण भांडायलाही दम लागतो. मी बांगडे घेतले. नारळ खवले, वाटले, पंच्यात घालून पिळले. कांदा, मिरची, पानओवा. बांगडे घातले, दूध घातलं, आणि चुलीपुढे भिंतीला टेकून बसले.

दुधाला कढ यायला लागला. हात तवलीकडे जायला हवा होता. गेला नाही. खरं सांगते, मी त्याला जाऊ दिला नाही. मी बसून बघत राहिले. बुडबुडे आले, मग मोठी उकळी आली, मग दुधाचे तुकडे व्हायला लागले. मी मनात म्हटलं, फूट. एकदाचं फूट. किती सांभाळायचं? लाकूड आणखी आत सारलं. पाणी आटत गेलं, चोथा दाट झाला, तांबूस झाला, आणि कडेकडेनं तेल सुटायला लागलं. आपलं आपण. मी पळीभरही घातलं नव्हतं.

वास आधी सासूला गेला. पडवीतूनच तिनं आरडाओरडा केला की दूध फुटलं, उतरव, लक्ष कुठंय तुझं. मी उठले नाही. तेवढ्यात तो आत आला. चुलीसमोर उकिडवा बसला, तवलीत बघितलं, आणि म्हणाला, "उतरवू नको. अजून थोडं."

तेव्हा मला कळलं. पावसाळाभर मी जे सांभाळत होते, तेच फोडायचं होतं.

केळी त्यानं स्वतः उकडली. जेवायला बसला तो ताट खरवडूनच उठला. सासू एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर असं समाधान होतं की मलाही वाटलं, झालं, बांधला हा. मुलगी त्याच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिनं वास घेऊन नाक मुरडलं. त्यानं केळ्याचा तुकडा त्या दाट तेलकट चोथ्यात बुडवला, वर बांगड्याचा काटे काढलेला तुकडा ठेवला, आणि घास तिच्या तोंडाशी नेला. नेताना त्यानं हाक मारली. हलक्या आवाजात, लाडानं, रोजची सवय असावी तशी. एक नाव घेतलं.

मुलीनं घास खाल्ला, गिळला, आणि म्हणाली, "माझं नाव ते न्हाय."

त्याचा हात तसाच पुढे राहिला. सासू उठली आणि पाण्याचा तांब्या भरलेला असताना पाणी आणायला बाहेर गेली. मी मुलीला म्हटलं, जा, आजीबरोबर जा. ती गेली.

बाईशी मी पावसाळाभर मनातल्या मनात भांडत होते. तिला शिव्या घालत होते, तिचं तळपट होवो म्हणत होते. बाईशी भांडता येतं. हे दुसरं काही होतं, आणि त्याच्यासाठी माझ्याकडे शिवीसुद्धा नव्हती. मी विचारलं, केवढी आहे. त्यानं जमिनीपासून हात वर धरून दाखवला. आमच्या मुलीच्या खांद्याच्या जरा खाली.

मी म्हटलं, "जायचं तर जावा. मी आडवी येनार न्हाय, तेवढं बळ न्हाय माझ्यात. पन हिला तोंडानं सांगून जावा. मागच्या टायमाला सांगाया कोन नव्हतं, ती पोटात व्हती. आता हाय."

तो म्हणाला, "सांगतो."

नारळी पुनवेला सगळा वाडा किनाऱ्यावर गेला. तो मुलीला खांद्यावर घेऊन गेला, खांद्यावर बसायचं वय उलटून गेलं होतं तरी. परत आल्यावर मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती नारळासाठी पोरांची कशी मारामारी झाली ते सांगत होती. म्हणजे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन विहिरीवर गेला, आला. तेव्हाही नाही. आगबोटी चालू झाल्या. एके दिवशी सकाळी त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि अंगणात उतरला. मुलगी तोंड धूत होती. विचारलं, "बा, कुठं चाललास?" तो उभा राहिला. मी दारात उभी होते, सासू माझ्यामागे देवाचं नाव घेत होती. तो म्हणाला, "कुठं न्हाय." ट्रंक घेऊन बंदरापर्यंत गेला खरा. दुपारी ती ट्रंक घेऊन परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मुलीनं विचारायचं, त्यानं कुठं न्हाय म्हणायचं. तिसऱ्या वेळी त्यानं ट्रंक उचलली नाही. शेजाऱ्याच्या होडीवर एक माणूस कमी होता, तिथे गेला.

राहिला तो. सासूनं वाडाभर सांगितलं की सुनेनं पोटानं बांधला, असं कालवण केलं की विलायत विसरला. बायका माझ्याकडे येऊन विचारायच्या, गं, काय घातलंस त्यात. मी म्हणायचे, काही नाही, फुटू दिलं. त्यांना वाटायचं मी सांगायचं टाळतेय. त्यानं ते कालवण पुन्हा कधी मागितलं नाही, आणि मीही आपण होऊन केलं नाही. मुलगी मात्र मागायची, तिला ती चव लागली होती. तिच्यासाठी केलं की तो त्या दिवशी होडीवरून उशिरा यायचा. पुढे तिचं लग्न झालं, तिनं सासरी करून दाखवलं, तर तिच्या सासूनं मला निरोप धाडला की तुमच्या मुलीला साधं नारळाचं दूध सांभाळता येत नाही.

सासू सुखानं गेली. आम्ही दोघं राहिलो. भांडलो कमी, बोललो त्याहून कमी. लोक म्हणायचे, नशीब काढलंस. मला तसं कधी वाटलं नाही, पण वाईटही म्हणवत नव्हतं. नवरा घरात होता, मुलीला बाप होता. रात्री पाय चेपून घ्यायला मुलगी नसली तर तो चेपायचा, न सांगता.

ती सासरी गेली त्या वर्षी आम्ही दोघं ओट्यावर बांगडे खारवत बसलो होतो. तो पोट फाडून द्यायचा, मी मीठ भरायचे. एवढी वर्षं जे विचारलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं. म्हटलं, तिकडच्या पोरीला काय सांगून आला होतात?

त्यानं हातातला बांगडा फाडून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "न्हाय सांगितलं. झोपली व्हती."

माझ्या मुठीत मीठ होतं. मी ते तसंच धरून बसले. मी म्हटलं, मग तिची आई तिला काय सांगत असेल?

तो म्हणाला, "तू हिला काय सांगायचीस?"

मी दरवर्षी सांगायचे, पाऊस सरला की येईल.